विश्लेषण : बाळगुटीतले अतिविष येते कुठून आणि ते खरेच हवे का?

हिरडा, सुंठ, हळकुंड, वेखंड यांच्यासोबत सहाणेवर उगाळला जाणारा एक छोटा करडा कंद म्हणजे अतिविष. गणेशपुरी असो वा गिरगाव, मराठी घरातल्या बाळगुटीच्या डबीत तो असतोच. मात्र उगवतो तो हिमालयात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर, आणि तिथे आता तो संपत चालला आहे. ही वनौषधी कोणती, तिचा पारंपरिक उपयोग काय आणि रोजच्या गुटीतून ती वगळणे परंपरेला सोडून होईल का, याचा हा आढावा.

अतिविष म्हणजे नेमके काय?

अतिविषाचे शास्त्रीय नाव अकोनिटम हेटेरोफायलम. हिंदीत त्याला अतीस किंवा पतीस म्हणतात. जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये, जिथे झाडांची शेवटची रांग संपून गवताळ कुरणे सुरू होतात, तिथे ही वनस्पती आढळते. गढवालमध्ये या कुरणांना बुग्याल म्हणतात. वर्षातले अनेक महिने ती बर्फाखाली असतात. बर्फ वितळला की रोप जमिनीबाहेर येते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याला निळसर, जांभळ्या शिरांची फुले येतात आणि थंडी पडू लागली की वरचा भाग वाळून जातो. जमिनीखाली उरतो तो कंद. औषध म्हणून विकला जातो तो हाच.

वाळलेला कंद साधारण दोन ते साडेसात सेंटीमीटर लांब, वरून राखाडी आणि खाली निमुळता असतो. मोडला तर आत पिठासारखा पांढरा दिसतो. संस्कृत ग्रंथांनी त्याला दिलेली नावे म्हणजे जणू ओळखपत्रच आहे. आतून पांढरा म्हणून शुक्लकंदा, चटकन मोडतो म्हणून भंगुरा, किडीला आवडतो म्हणून घुणवल्लभा आणि लहान मुलांचे औषध म्हणून शिशुभैषज्या. यातले तिसरे नाव घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुटीची डबी अनेकदा पहिल्या बाळाची दुसऱ्याला आणि थोरल्या जावेची धाकटीला दिली जाते. वर्षानुवर्षे ठेवलेल्या अशा डबीत आधी कीड लागते ती अतिविषाला.

नावात विष, मग बाळाला कसे?

हा प्रश्न नव्या आईबाबांना हमखास पडतो आणि तो चुकीचा नाही. अतिविष ज्या अकोनिटम वंशातले आहे, त्याच वंशात बचनाग म्हणजे वत्सनाभही येतो. बचनागातले अकोनिटिन हे अल्कलॉइड हृदयाची लय बिघडवते आणि अगदी थोडी मात्राही जीवघेणी ठरू शकते. आयुर्वेदात बचनाग वापरतात, पण तो शोधन करूनच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही वत्सनाभाचे नाव आहे.

अतिविषातले प्रमुख अल्कलॉइड वेगळे आहे. त्याचे नाव अतिसिन. ते अकोनिटिनच्या तुलनेत खूपच सौम्य मानले जाते. त्यामुळेच एका जहाल घराण्यातली ही वनस्पती पोटाच्या औषधांत आली. ‘विषावर मात करणारे’ असा तिच्या नावाचा अर्थ लावला जातो. थोडक्यात, खरे अतिविष म्हणजे बचनाग नव्हे. अडचण ‘खरे’ या शब्दापाशी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

परंपरेत त्याचा उपयोग काय सांगितला आहे?

अतिविष चवीला अतिशय कडू. चरकसंहितेत ते लेखनीय आणि अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीवरच्या, द्रव्यगणांत आहे. जुलाब, ताप, अपचन, उलटी आणि खोकला यांवर त्याचा वापर सांगितला जातो. अतिविष, नागरमोथा, पिंपळी आणि काकडशिंगी या चार द्रव्यांचे बालचातुर्भद्र चूर्ण आजही वैद्य मुलांना देतात. कुटजघन वटी, चंद्रप्रभा वटी, महासुदर्शन चूर्ण अशा मोठ्यांच्या औषधांतही अतिविष असते. म्हणजे घरातली गुटी हा या कंदाच्या मागणीचा एक कोपरा आहे, सगळी मागणी तिथून येत नाही.

मराठी घरातल्या गुटीची रीत मात्र वैद्याच्या औषधापेक्षा वेगळी आहे. प्रत्येक मुळी सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात ठरावीक वेढे उगाळायची आणि बाळ मोठे होईल तसे वेढे वाढवायचे. बाळ रडले की कोणत्या मुळीचा वेढा जास्त, शी पातळ झाली की कोणत्या मुळीचा, हे ज्ञान आजीकडे असते. ते टाकाऊ नाही. बाळाकडे रोज बारकाईने पाहण्याची ती एक शिस्त आहे. पण त्या शिस्तीत एक बदल हळूहळू झाला. आजारासाठी सांगितलेले द्रव्य निरोगी बाळाच्या रोजच्या खुराकात येऊन बसले.

बालरोगांवरचा जुना ग्रंथ असलेल्या काश्यपसंहितेत लेहनाचा, म्हणजे मुलांना औषधी चाटण देण्याचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात चाटण कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, अशी विभागणी आहे. ज्या बाळाच्या आईला दूध नाही, कमी आहे किंवा दूध दूषित आहे, अशी बाळे द्यावयाच्या यादीत येतात. सरसकट सगळ्या बाळांना सगळी द्रव्ये रोज द्या, असे तिथे म्हटलेले नाही. परंपरेचा हवाला देताना तिच्यातली ही काटेकोर बाजूही सांगायला हवी.

कंद काढला की रोप संपते

अतिविषाची खरी अडचण त्याच्या शरीररचनेत आहे. पान, फूल किंवा साल औषधी असलेल्या वनस्पतीचा काही भाग काढला तरी ती पुन्हा फुटते. अतिविषाचा औषधी भाग म्हणजेच त्याचे मूळ. ते खणले की रोप गेले. बी पडण्याआधी खणले तर पुढची पिढीही गेली. बीपासून काढणीयोग्य कंद तयार व्हायला काही वर्षे लागतात, कारण इतक्या उंचीवर वाढीचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा असतो.

आता साधा हिशेब करून पाहा. वाळलेल्या एका कंदाचे वजन काही ग्रॅमच भरते. म्हणजे एक किलो अतिविषासाठी शेकडो रोपे मुळासकट उपटावी लागतात. मागणी वाढली की भाव वाढतो, भाव वाढला की स्पर्धा वाढते आणि स्पर्धेत बी धरेपर्यंत थांबणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. मग कोवळे कंदही निघतात. कोणी एक माणूस वाईट आहे म्हणून हे होत नाही. ज्या वस्तूचे उत्पादन वाढायला वर्षे लागतात आणि मागणी मात्र दर हंगामाला येते, तिच्याबाबतीत असेच घडते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत २०१५ च्या मूल्यांकनानुसार अतिविष ‘संकटग्रस्त’ गटात आहे. त्याच उंचीवरची, केसांच्या तेलामुळे घराघरांत माहीत असलेली जटामांसी तर ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. यकृताच्या औषधांत वापरली जाणारी कुटकी १९९७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. थोडक्यात, आयुर्वेदिक दुकानातल्या फळीवर शेजारी शेजारी असलेल्या या तिन्ही बरण्या एकाच संकटातून जात आहेत.

‘आमच्या एका तुकड्याने काय फरक पडतो?’

हा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. घरात घेतलेला अतिविषाचा एक तुकडा एका बाळाला महिनोन्‌महिने पुरतो. मोठा माल औषधनिर्मितीकडे जातो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद यांच्यासाठी जी. एस. गोराया आणि डी. के. वेद यांनी केलेल्या २०१७ च्या अहवालानुसार, देशात व्यापारात असलेल्या औषधी वनस्पतींच्या १,१७८ प्रजाती आहेत आणि त्यातल्या २४२ प्रजातींची उलाढाल वर्षाला १०० टनांहून अधिक आहे. इतक्या मोठ्या बाजारात एका सहाणेचा वाटा नगण्य वाटणे साहजिक आहे.

तरीही दोन कारणांनी घराचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. पहिले, बाळगुटी आता फक्त आजीच्या डबीत राहिलेली नाही. तयार संच, तयार चूर्ण आणि थेंबांच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात. ‘पारंपरिक’ या एका शब्दावर त्या विकल्या जातात. घरांनी विचारले नाही तर उत्पादकही अतिविष कुठून आणले ते सांगणार नाहीत. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. जी वस्तू महाग आणि दुर्मीळ असते, तिच्यात भेसळ होते. आणि ही भेसळ जाते ती बाळाच्या तोंडात.

शुद्ध अतिविष ओळखणार कोण?

हिमालयातून निघालेला कंद गावातला संकलक, स्थानिक व्यापारी, अमृतसर किंवा दिल्लीच्या खारी बावलीसारखी मोठी बाजारपेठ, तिथून मुंबई-ठाण्यातला घाऊक विक्रेता आणि मग किरकोळ दुकान असा प्रवास करतो. सुट्या मालावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, काढणीचे वर्ष किंवा मूळ ठिकाण लिहिलेले नसते. दुकानदार आपल्याला ज्या नावाने माल मिळाला त्याच नावाने पुढे विकतो. त्याची फसवण्याची इच्छा असतेच असे नाही. त्याच्याकडेही तपासण्याचे साधन नसते.

अकोनिटम वंशातल्या अनेक प्रजातींचे कंद वाळल्यावर एकमेकांसारखे दिसतात. अखंड कंद असेल तर जाणकार वैद्य रंग, आकार आणि आतला पांढरेपणा पाहून काही अंदाज बांधू शकतो. चूर्ण झाल्यावर तोही मार्ग बंद होतो. मग प्रयोगशाळेतली चाचणी हाच उपाय उरतो आणि ती कोणतेही घर करत नाही. घरी चाखून पाहण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये, कारण चूक झाली आणि तो बचनाग निघाला तर तीच चव महागात पडेल.

मोठ्या माणसाच्या शरीरात खपून जाणारी चूक चार किलोच्या बाळाच्या शरीरात खपत नाही. म्हणून ‘आम्ही सगळे गुटीवरच वाढलो’ हे वाक्य आजच्या बाजाराला जसेच्या तसे लागू होत नाही. आजीच्या वेळी तिला मुळी देणारा वैद्य ओळखीचा होता. आज ओळखीचे आहे ते फक्त पुडीवरचे नाव.

सहा महिन्यांपर्यंत गुटी नकोच, असे डॉक्टर का म्हणतात?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही. अपवाद फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधांचा, जीवनसत्त्वांच्या थेंबांचा आणि गरज पडल्यास ओआरएसचा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेला ‘माँ’ हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रमही हेच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांखालील, निव्वळ स्तनपानावर असलेल्या बाळांचे देशातले प्रमाण चौथ्या फेरीत ५४.९ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ६३.७ टक्के झाले. म्हणजे अजूनही तीनपैकी साधारण एका बाळाला सहा महिन्यांच्या आत दुधाव्यतिरिक्त काहीतरी दिले जाते. त्यात मध येतो, पाणी येते, वरचे दूध येते आणि गुटीही येते.

डॉक्टरांचा आक्षेप फक्त मुळीला नसतो. सहाण, वाटी, चमचा, पाणी आणि उगाळणाऱ्याचे हात, यांपैकी काहीही अस्वच्छ असेल तर जंतुसंसर्ग होतो. म्हणजे जुलाब थांबावेत म्हणून दिलेली गुटीच जुलाबाचे कारण ठरू शकते. पावसाळ्यात, गढूळ पाण्याच्या दिवसांत, नदीकाठच्या गावांत हा धोका वाढतो.

गणेशपुरी परिसरात हे सांगणारी व्यवस्था आहे. प्रसूतीनंतर आशा सेविका नवजात बाळाला पाहायला घरी येते. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर पहिल्या ४२ दिवसांत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. पण तिच्या आणि बाळाच्या मध्ये बसलेली असते आजी. ‘गुटी देऊ नका’ एवढेच सांगितले तर आजीला तो आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाचा अपमान वाटतो आणि गुटी चोरून सुरू राहते. मग आजारी बाळाला दवाखान्यात नेल्यावरही काय दिले ते डॉक्टरांना सांगितले जात नाही. हे जास्त धोक्याचे आहे. आजीच्या भाषेत, तिच्याच परंपरेतल्या दाखल्यांनी बोलले तर संवाद होऊ शकतो. असा एक दाखला परंपरेत तयार आहे.

तानसाकाठी उगवणारा पर्याय

आयुर्वेदात ‘अभावप्रतिनिधी द्रव्य’ अशी संकल्पना आहे. एखादे द्रव्य मिळत नसेल तर त्याच्याऐवजी कोणते वापरावे, याची यादीच भावप्रकाश, योगरत्नाकर यांसारख्या नंतरच्या काळातल्या ग्रंथांत मिळते. अतिविषाचा प्रतिनिधी म्हणून सांगितला आहे मुस्ता, म्हणजे मोथा. दिवाळीच्या उटण्यात ज्याचा सुगंध असतो तो नागरमोथा याच कुळातला.

हा मोथा म्हणजे सायपेरस रोटुंडस. शेतकऱ्याला तो लव्हाळा म्हणून माहीत आहे आणि त्याच्याविषयी शेतकऱ्याचे मत फारसे चांगले नाही. भातखाचराच्या बांधावर, नदीकाठच्या ओलाव्यात, अंगणात, कुठेही तो येतो. उपटला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. जगातल्या सर्वाधिक त्रासदायक तणांच्या यादीत तो अग्रस्थानी मानला जातो. गणेशपुरीतून वाहणाऱ्या तानसा नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. एकीकडे खणला की संपणारा कंद आणि दुसरीकडे खणूनही न संपणारी गाठ. ग्रंथकारांनी दुसरीला पहिल्याचा प्रतिनिधी नेमले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुर्मीळतेचा प्रश्न होताच. अभाव हा शब्दच ते सांगतो.

बंगळुरूच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’मध्ये याच जोडीवर लेख प्रसिद्ध केला. या दोन वनस्पतींचे कूळ वेगळे, दिसणे वेगळे, रसायने वेगळी. तरी आयुर्वेदाच्या दृष्टीने त्यांचे गुण आणि कार्य यांत साम्य आहे, असा त्याचा सूर होता. अतिविषाची सगळी कामे मोथा करील, असा याचा अर्थ नाही. बाळाच्या पचनाच्या तक्रारींसाठी ज्या कारणाने गुटीत अतिविष आले, त्या कारणासाठी ग्रंथांनीच दुसरा मार्ग ठेवला आहे, एवढाच याचा अर्थ.

बहुतेक गुट्यांत नागरमोथा आधीपासून असतोच. त्यामुळे नवीन काही आणायचीही गरज नाही. अतिविषाची मुळी नुसती वगळली तरी गुटी शास्त्राच्या चौकटीत राहते. ‘अतिविषाशिवाय गुटी अपुरी’ हा आग्रह बाजाराचा आहे, ग्रंथांचा नाही.

स्थानिक म्हणजे निर्धोक का?

तसेही नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी प्यायले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद कोणत्याही बाजूने सोडवला तरी धडा एकच निघतो. वनौषधी हे औषध आहे. ओळख, मात्रा आणि रुग्ण या तिन्हींची खात्री नसेल तर ती कुंपणावर उगवते म्हणून सुरक्षित ठरत नाही. मोथ्यालाही हाच नियम लागू आहे. बांधावरच्या मोथ्यावर तणनाशक मारलेले असेल, तर तो गुटीसाठी विषच.

मग हिमालयातल्या माणसांचे काय?

अतिविष वापरू नका, असे सांगणे शहरातून सोपे असते. वरच्या गावांतल्या अनेक कुटुंबांसाठी हे कंद म्हणजे रोख पैशांचा मोजक्या मार्गांपैकी एक. हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली आणि आसपासच्या गावांचे आतल्या भागातले वनौषधी गोळा करण्याचे आणि गुरे चारण्याचे हक्क संपले. कुरणे वाचावीत हा हेतू योग्य होता. पण त्याची किंमत ज्यांनी चुकवली ते लोक कमी मिळकतीचे होते. तानसा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या आदिवासी पाड्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून उत्तर निव्वळ बंदीत नाही. लागवडीत आहे. श्रीनगर-गढवालमधले उच्च शिखरीय वनस्पती संशोधन केंद्र आणि गोपेश्वरची जडीबुटी संशोधन संस्था अशा वनस्पतींच्या लागवडीवर काम करतात. राष्ट्रीय आयुष अभियानाच्या औषधी वनस्पती घटकात अतिविषाचा समावेश सर्वाधिक, म्हणजे ७५ टक्के अनुदानाच्या गटात होता. पण शेतकऱ्याने चार वर्षे कंद वाढवायचा आणि जंगलातून खणलेल्या मालाशी त्याच भावात स्पर्धा करायची, हे गणित जुळत नाही. लागवडीच्या मालाला वेगळा भाव तेव्हाच मिळेल, जेव्हा घेणारा विचारेल की हा कंद शेतातला की बुग्यालमधला.

असे विचारल्याने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. तिथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने कातकरी तरुणांना एकत्र करून वनधन योजनेतून गुळवेल गोळा करणे, वाळवणे आणि थेट कंपन्यांना विकणे सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना मोठ्या कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी मिळाली. गुळवेलीचे खोड कापले तरी वेल पुन्हा फुटते, हा निसर्गाचा भाग. मधले दलाल कमी झाले आणि माल कोणी, कुठून आणला याची नोंद राहिली, हा व्यवस्थेचा भाग. अतिविषाला निसर्गाचा हा फायदा मिळणार नाही. व्यवस्थेचा मिळू शकतो.

मग करायचे काय?

बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत गुटी नको. आईचे दूध पुरेसे आहे. दूध कमी पडते असे वाटत असेल, तर आशा सेविकेला किंवा आरोग्य केंद्रात सांगावे. बाळाला जुलाब, ताप, सतत उलटी असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर सहाण बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. जुलाबांत जीव वाचवतात ते ओआरएस, झिंक आणि वेळेवर मिळालेले उपचार.

सहा महिन्यांनंतर घरात गुटी द्यायचीच असेल, तर ती नोंदणीकृत वैद्याला किंवा बालरोगतज्ज्ञाला विचारून. तयार चूर्ण आणि पत्ता नसलेल्या पुड्या टाळाव्यात. जुनी, किडलेली डबी फेकून द्यावी. आणि गुटीतले अतिविष वगळावे. वैद्याने एखाद्या आजारासाठी ते नेमून दिले तर गोष्ट वेगळी, कारण मग ते औषध म्हणून, मोजून आणि मोजक्या दिवसांसाठी दिले जाते. त्याचा मूळ मान तोच आहे.

गुटी आणि चूर्णे बनवणाऱ्या कंपन्यांना अन्न व औषध प्रशासनाने आणि आयुष विभागाने एक साधी अट घालायला हरकत नाही. संकटग्रस्त यादीतले द्रव्य वापरले असेल, तर ते लागवडीतले की जंगलातले हे वेष्टनावर छापावे. डाळीच्या पाकिटावर पॅकिंगची तारीख छापता येते, तर बाळाच्या औषधावर एवढे लिहिणे अवघड नाही.

ज्या ग्रंथांनी अतिविषाला लहान मुलांचे औषध म्हटले, त्याच परंपरेने ते मिळत नसेल तर मोथा घ्या, असेही सांगून ठेवले. पहिले वाक्य आपण पाठ केले आणि दुसरे विसरलो. आज दुसऱ्या वाक्याची गरज जास्त आहे. ते पाळले तर बाळाच्या पोटाचे काही बिघडत नाही आणि एका बुग्यालवरची काही रोपे बी धरेपर्यंत जमिनीत राहतात.